आखाजीचा मुराळी आणि आबांचा व्हिडिओ गेम

सोनाराच्या घरात जन्माला येऊन ज्याच्या हातात सोनं द्यायची घरच्यांनाच धास्ती वाटावी, असा अख्ख्या जळगावात बहुधा मी एकटाच असेन. आमचे नाना, म्हणजे वडील, पुढच्या खोलीत पाटावर बसून काम करायचे. सकाळपासून हातोडीची बारीक टकटक, मधूनच फुंकणीचा सुस्कारा आणि गिऱ्हाईक आलं की नानांचं घसा साफ करणं, या तीन आवाजांवर आमच्या घराचा दिवस चालायचा. सांधा जोडायला डाग लावायचं काम मला दिलं की दागिनाच वितळायचा. तार ओढायला दिली की तुटायची. शेवटी नानांनी माझ्यापुरतं एक काम शोधून काढलं, ते म्हणजे दागिने उजळणं. रिठ्याच्या गरम पाण्यात दागिना बुडवायचा, मऊ ब्रशनं घासायचा, स्वच्छ पाण्यातून काढायचा, फडक्यावर ठेवायचा. यात बिघडवण्यासारखं काही नव्हतं. पण वय असं होतं की मी या कामालाही शास्त्र समजायला लागलो. गल्लीत कोणाचा कूलर बंद पडला, मिक्सर घरघरला, की मी पेचकस घेऊन हजर. वस्तू दुरुस्त झाली तर माझ्यामुळे आणि नाही झाली तर ‘आत कॉइल जळाली आहे’ असं म्हणून बाहेर पडायचं. कॉइल म्हणजे काय हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या नंदाताईचं लग्न झालं आणि ती धुळ्याला गेली. नंदाताई माझ्याहून थोडीच मोठी, पण ती गेल्यावर घर एकदम बोळकं झाल्यासारखं वाटायला लागलं. माय पोळ्या करताना मध्येच हात थांबवायची आणि काही आठवत नसल्यासारखी तव्याकडे बघत राहायची. लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. आमच्या खानदेशात सासुरवाशिणीला दिवाळीपेक्षा आखाजीची ओढ जास्त. कडुलिंबाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस हाणायचा, आणि मुख्य म्हणजे सासरी कोणी हाक मारणार नाही अशा बेतानं दुपारी झोपायचं. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो, तो मुराळी. खरं तर नानांनी जायचं. पण आखाजीला सोनं घ्यायला सगळा गाव सोनाराच्या दारात उभा राहतो, त्या दिवसांत नाना पाटावरून उठून हात धुवायला गेले तरी गिऱ्हाईक कुरकुरायचं. मग उरलो मी. मायनं सांजोऱ्यांचा डबा दिला, धुतलेला शर्ट दिला आणि बजावलं, “जायचं, दोन दिवस राहायचं, तिला घेऊन यायचं. तिथं कशाला हात लावू नको.”

धुळ्याच्या घरात तीनच माणसं. ताईचे यजमान पिंपळनेरला शाळेत मास्तर, ते शनिवारी-रविवारी यायचे आणि या खेपेला परीक्षेच्या कामात अडकले होते. घरी ताई, तिची सासू अक्का आणि सासरे आबा. आबा बसस्थानकावर कंट्रोलर होते, नुकतेच निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात भोंग्यावर गाड्या पुकारून त्यांचा आवाज असा झाला होता की ते ‘मीठ द्या’ म्हणाले तरी आपण पिशवी उचलून निघावं असं वाटायचं. मी दारात पाय ठेवला तेव्हा ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. “कव्हय उना रे भो?” त्यांनी विचारलं, पण मान वळवली नाही. मी आत्ताच आलो म्हणालो. “बस. पाणी पी. गेम मरी गया,” असं म्हणून त्यांनी उसासा टाकला. मला वाटलं घरातलं कुत्रं-बित्रं गेलं. मी चेहरा लांब केला आणि कसं काय हो, असं हळहळून विचारलं. आतून ताईचा हसू दाबल्याचा आवाज आला.

गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. लग्नात भाऊजींच्या मित्रांनी आहेर म्हणून दिलेला. घरात लिंबू-सरबताचे इतके सेट जमले होते की हा खोका कोणी उघडूनही पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर आबांना दिवस खायला उठला. एका दुपारी त्यांनी तो खोका उघडला, ताईला तारा जोडायला लावल्या, आणि त्या दिवसापासून या घराचा स्वभावच पालटला. जेवण झालं की आबा खाटेवर मांडी घालून बसायचे, एका हाताशी शेव-मुरमुऱ्यांची ताटली, मांडीवर रिमोट. टेनिस, हॉकी, कुस्ती, कॅसेटवर जे येईल ते. स्वतःच खेळायचे आणि स्वतःच पुकारायचे. चेंडू बाहेर गेला की “गाडी फलाट सोडून गेली!” आणि समोरचा हरला की “प्रवाशांनी कृपया उतरून घ्यावं!” आता मात्र तो खोका बंद होता. टीव्हीवर नुसते पट्टे, आणि रिमोटची बटणं दाबली तरी माणूस हलेना. उन्हानं मशीन तापलं असेल म्हणून आबांनी त्याला ओला पंचा गुंडाळून माठाशेजारी ठेवलं होतं. त्यानं ते आणखीच रुसलं.

संध्याकाळी शेवभाजीचं जेवण संपत आलं तेव्हा मी मुराळी म्हणून विषय काढला. ताईला कधी पाठवता? आबा म्हणाले, “देखू.” मी विचारलं, उद्या? “उद्या अमावास्या. अमावास्येला सुनेला घराबाहेर धाडत नसतात.” मग परवा? “अक्काचा गुडघा धरला आहे.” अक्का तेवढ्यात वाटीभर चटणी घेऊन जिन्यावरून टणाटणा खाली आल्या. त्यांनी आबांकडे एकदा पाहिलं आणि वाटी ठेवून पुन्हा वर गेल्या. मायचा चेहरा डोळ्यांसमोर आला. रिकाम्या हातानं परत गेलो तर ती रागावणार नाही, बरं म्हणेल आणि तव्याकडे बघत राहील, हे मला पक्कं माहीत होतं. तेव्हा माझ्या सुपीक डोक्यात आलं, की म्हाताऱ्याला खूश करावं, मग तो नाही म्हणणार नाही. मी छाती काढून म्हणालो, “आबा, मी करतो तुमचा गेम दुरुस्त. सोनाराचा हात आहे.” ताई ताटं उचलत होती. तिनं माझ्याकडे डोळे वटारून बघितलं आणि मान अशी हलवली, की आंधळ्यालाही कळावं. मला कळलं ते असं, की बहिणीला भावाचा अभिमान वाटतोय.

सकाळी मी तो खोका आणि दोन्ही रिमोट खोलले. आत काय होतं म्हणता? शेव. बटणांखालच्या रबरावर तेलाचा पिवळा थर, त्यात शेवेचे बारीक तुकडे, कुठे मुरमुरा फुगून बसलेला. महिनोन् महिने आबांच्या बोटांनी ते कोठार भरलं होतं. आतल्या हिरव्या पाटीवरही मळ साचलेला. दुसऱ्या कोणी ते कापसानं पुसलं असतं, फुंकर मारली असती. पण मी सोनाराचा पोरगा. मळलेली, बारीक नक्षीची, पिवळी झालेली वस्तू दिसली की तिचं काय करायचं हे मला एकच ठाऊक होतं. अक्कांच्या न्हाणीत केस धुवायचे रिठे होतेच. मी ते कढवले, घमेल्यात पाणी ओतलं आणि आबांचा व्हिडिओ गेम, पाटी, रिमोट, रबरं सगळ्यांसकट, पाटल्या बुडवाव्यात तसा बुडवला. मग दात घासायच्या ब्रशनं हलक्या हातानं असा उजळला, की नानांनी पाहिलं असतं तर पहिल्यांदा माझं कौतुक केलं असतं. फेस बघून अक्का दाराशी थबकल्या. “हाई काय शे?” मी म्हणालो, “आमच्याकडे असंच करतात.” पुढे कित्येक वर्षांनी एका इंजिनिअर पोराला हे सांगितलं, तर तो हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. मी त्याला शेवटपर्यंत ऐकून घे म्हणालो.

धुतलेला गेम पुसून, जोडून मी आबांसमोर टीव्हीला लावला. पट्टेसुद्धा येईनात. काळा कुळकुळीत पडदा आणि त्यात आमची तीन तोंडं. आबांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि शांतपणे म्हणाले, “बठ्ठं धुवून काढलंस रे बाबा.” ‘कॉइल’ हा शब्द ओठांवर आला होता, पण तो उच्चारायचीही हिंमत झाली नाही. त्या क्षणी ताईच्या तोंडावर मात्र सुटका झाल्यासारखं दिसत होतं. मी पुन्हा सगळं खोललं आणि गच्चीवर नेलं. वाळवणाचे दिवस होते. अक्कांनी साडीवर ज्वारीचे बिबडे घातले होते, शेजारी कुरडया. त्यांच्या मध्ये मी त्या मशीनचे अवयव मांडले आणि काठी घेऊन कावळे हाकत बसलो. धुळ्याचं वैशाखाच्या तोंडावरचं ऊन, त्यात दुपारभर भाजलो. शेजारच्या गच्चीवरच्या बाई विचारायला लागल्या, हे कशाचे पापड? संध्याकाळी बिबडे कडकडीत वाळले, मीही वाळलो आणि मशीनही वाळलं असावं. कारण खाली आणून जोडलं, बटण दाबलं, आणि टीव्हीवर असं लख्ख चित्र उमटलं, की आबांनी खाटेवरून उडीच मारली. “धुळे आगारातून सुटणारी गाडी लागलेली आहे!” ते ओरडले आणि माझ्या पाठीत असा धपका घातला, की ठसका लागला. मी भाव खाल्ला. म्हणालो, “हात लागतो त्याला, आबा.”

आत गेलो तर ताई ओट्याला टेकून उभी. “शाबास,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “आता मी कशी येऊ?” मी म्हणालो, म्हणजे? “अरे येड्या, ते बंदच राहिलं असतं तर कंटाळून आज-उद्या जाऊ दिलं असतं मला. त्यांच्यासोबत खेळायला दुसरं आहे कोण घरात? अक्का हात लावत नाहीत. हे असतात पिंपळनेरला. दुपारी माझ्याशिवाय त्यांचं पानही हलत नाही. अमावास्या कुठली आणि गुडघा कुठला!” मी तिला घेऊन जायला आलो होतो, आणि स्वतःच्या हातांनी तिला बांधून ठेवण्याची उत्तम सोय करून बसलो होतो, तीही रिठ्यानं उजळून. पुन्हा बिघडवू का, असं मी विचारलंही. ती म्हणाली, “नको, तू बिघडवायला गेलास तर आणखी चांगलं चालेल.”

दुसऱ्या दिवशी आबा सकाळीच सायकल काढून बसस्थानकाजवळच्या दुकानातून नव्या कॅसेटी भाड्यानं घेऊन आले. माझा सन्मान म्हणून. एकीत बर्फावरची हॉकी होती. आबांना बर्फ म्हणजे लग्नात सरबतात पडतो तेवढाच माहीत, त्यामुळे खेळाडू घसरले की ते “अरे, कोणी पाणी सांडलं?” म्हणून चिडायचे. एकीत बेसबॉल होता, त्याला त्यांनी दोन मिनिटांत ‘वाकडं क्रिकेट’ ठरवून बाद केलं. गोल्फ लावला, तर त्यात माणूस एकदा मारून मैलभर चालत जातो हे पाहून म्हणाले, “याच्यासाठी गाडी सोडायला हवी.” शेवटी गाडी टेनिसवर आली, नव्या कॅसेटीतलं टेनिस जास्त वेगाचं होतं. आबांना त्यातल्या गुणांचा राग. पंधरा, तीस, मग चाळीस कसे? पंचेचाळीस पाहिजेत. टप्प्याचं भाडं असं आकारलं असतं तर आमची नोकरी गेली असती, असं ते प्रत्येक डावात म्हणायचे.

आणि ताई खेळत होती. डोक्यावरून पदर, मान खाली, नजर मात्र पडद्यावर, आणि अंगठे असे चालत होते, की मी तोंड उघडं टाकून बघत होतो. आमच्या घरी बॅट माझी, सायकल माझी, पतंग माझा. ही कधी काही खेळू शकते हे मला माहीतच नव्हतं. खेळता खेळता ती आबांना पार कडेला आणायची. मग शेवटच्या गुणाला मात्र हटकून चेंडू जाळीत. आबा खूश होऊन मला सांगायचे, “हिले खेळता येस, पण जिंकता नही येत. शेवटी घाबरस.” मी जाणकारासारखी मान डोलवली आणि ताईला सल्ला दिला, की शेवटच्या फटक्याला मनगट सैल सोड. तिनं माझ्याकडे जी नजर टाकली, ती आज आठवली तरी कान गरम होतात.

तो दिवस तसाच गेला आणि आखाजी उद्यावर आली. दुपारची गाडी चुकली तर संपलंच. जेवताना मी पुन्हा विचारलं आणि आबा पुन्हा “देखू” म्हणाले, तेव्हा अक्कांनी पोळपाट बाजूला सरकवला. “पोरनी पयली आखाजी शे. तिनी माय वाट देखी ऱ्हायनी हुई. तुमले काई वाटस का?” सगळ्यांसमोर बायको असं बोलली, त्यामुळे आबा पेचात पडले. हो म्हणावं तर शब्द खाली पडतो, नाही म्हणावं तर तोंड कुठे दाखवायचं! ते माझ्याकडे वळले. “तू मुराळी ना? चल. टेनिसमध्ये मला हरव, आणि घेऊन जा तिला.” मी रिमोट उचलला. त्या सामन्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. माझा खेळाडू बहुतेक वेळ चेंडू जिथे नव्हता तिथे रॅकेट फिरवत होता, आणि एकदा तर मी बराच वेळ आबांच्या खेळाडूला माझा समजून बटणं दाबत होतो. आबा पुकारत होते, “जळगावकडे जाणारी गाडी रद्द झाली आहे!” मला खरंच रडू यायला लागलं होतं.

“तिले खेळू द्या,” अक्का म्हणाल्या. “जावानं तिले शे, त्याले नही.” ताईनं हात पुसले. येऊन बसली आणि पहिल्यांदाच तिनं पदर खांद्यावरून ओढून कमरेला खोचला. मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. ती आबांना या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायला लागली. आबांचं पुकारणं हळूहळू कमी झालं, मग थांबलंच. शेवेची ताटली तशीच पडली. पंख्याचा आणि बटणांचा एवढाच आवाज. दोघांचे चाळीस-चाळीस झाले, मग एक गुण ताईनं घेतला. आता एकच. ताईनं चेंडू मारला, साधा, सरळ, पोरानंही परतवला असता असा. पण आबांचा खेळाडू जागचा हलला नाही. चेंडू त्याच्या शेजारून निघून गेला. रबर अडकलं! नीट बसवलं नसणार मी! आता आबा म्हणतील, बटण चाललं नाही, डाव पुन्हा खेळा. मी छताकडे बघत बसलो. आबांनी मांडीवरचा रिमोट उचलून खाटेवर ठेवला. “हारनू मी,” ते म्हणाले. मग उठले, घड्याळाकडे पाहिलं आणि जुना आवाज काढला, “धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव! प्रवाशांनी त्वरा करावी! लई जाय तिले. आणि पुढच्या आठवड्यात आणून सोड, मला सराव राहत नाही.” ताईनं वाकून नमस्कार केला. ते डोक्यावर हात ठेवून जरा जास्तच वेळ उभे राहिले.

गाडीत ताईला खिडकी मिळाली. धुळं मागे पडलं, कापसाची मोकळी रानं सुरू झाली, मांडीवर अक्कांनी दिलेल्या बिबड्यांची पिशवी, आणि मला आनंद मावत नव्हता. मी मुराळी म्हणून यशस्वी झालो होतो. गुपित सांगावं तसा तिच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, “ताई, नशीब बघ. शेवटच्या चेंडूला बटण अडकलं. माझ्याकडून रबर वाकडं बसलं असणार. नाहीतर आबा काही ऐकत नव्हते.”

तिनं मान वळवली. डोळे भरलेले होते, ते मला तेव्हा दिसले.

“बटण नाही अडकलं,” ती म्हणाली. “त्यांच्या हातात रिमोट नव्हताच. चेंडू यायच्या आधीच त्यांनी तो मांडीवर ठेवला होता. मी पाहिलं.”

मी म्हणालो, “आणि तू रोज हरायचीस ते?”

“सासऱ्यांना कोण हरवतं?” ती हसली. मग पदरानं डोळे पुसत, खिडकीबाहेर बघत म्हणाली, “पण माझ्यासाठी कोणी हरलं नव्हतं रे कधी. आपल्या घरीसुद्धा नाही.”

आज मी साठीला आलोय. नातू माझ्या हातातून त्याचा बिनतारेचा रिमोट काढून घेतो, आजोबा तुम्ही बघा फक्त, म्हणतो. मी बघतो. पण त्या गाडीत मी जितका गप्प झालो, तितका पुढे कधी झालो नसेन. मी कधीच गप्प बसत नसे, त्यामुळे ताई घाबरली. “काय रे, गाडी लागली का तुला?” तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

तिनं लगेच उठून मला खिडकीची जागा दिली. मी सरकलो आणि बसलो.